अडीच मिलिमीटरची रोहिणी: एका मूत्रपिंडदानाचे प्रकरण

आईच्या सीटी अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्यांच्या चित्रतपासणीचा) अहवाल दोन पानांचा होता आणि मुलाने त्यातले एकच वाक्य पिवळ्या पेनाने रंगवून आणले होते: डाव्या मूत्रपिंडाला दोन रोहिण्या, म्हणजे रक्त आत आणणाऱ्या दोन वाहिन्या. रात्री मोबाइलवर शोधाशोध करून त्याने निष्कर्षही काढला होता. आईची किडनी आता चालणार नाही, म्हणजे पुन्हा डायलिसिस आणि प्रतीक्षा यादी. त्याच्या खालचे वाक्य त्याने सोडून दिले होते. दुसरी रोहिणी महारोहिणीतून (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीतून) मुख्य रोहिणीच्या २.५ सेंटिमीटर खाली निघते, तिचा व्यास २.५ मिलिमीटर आहे आणि ती थेट खालच्या टोकाला जाते, असे ते वाक्य होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या दृष्टीने सगळे प्रकरण या दुसऱ्या वाक्यात आहे.

एक खुलासा आधीच करतो. हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेले आहे. यातले आई आणि मुलगा म्हणजे कोणी एक ठरावीक कुटुंब नव्हे. प्रत्यारोपण विभागात वेगवेगळ्या घरांत भेटणाऱ्या गोष्टी एका घरात आणून बसवल्या आहेत. शरीररचना, निर्णयामागची कारणे आणि शस्त्रक्रियेचे तंत्र मात्र जसे असते तसेच ठेवले आहे.

घर आणि तपासण्या

मुलगा २९ वर्षांचा, कारखान्यात यंत्रचालक. आयजीए नेफ्रोपथीने दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. हा आजार तरुण वयात गाजावाजा न करता येतो. लघवीतून रक्त आणि प्रथिने जात राहतात, दुखत काहीच नाही. याला कळले तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, निरोगी माणसात १ च्या आसपास) ९ च्या वर गेले होते. गेले १४ महिने आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस, डाव्या मनगटावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून मोठी केलेली रक्तवाहिनी), दिवसभरात लघवी जेमतेम १०० मिलिलिटर. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

वडिलांना मधुमेह असल्यामुळे ते पहिल्याच भेटीत बाद झाले. विवाहित बहीण तयार होती, पण तिची मुले लहान. शिवाय ‘सासरी विचारून सांगते’ म्हणून गेली ती परत आली नाही. यात कोणाला दोष द्यावा असे काही नाही. राहिली आई. वय ५३, साताऱ्याकडची, शेतात राबणारी, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रक्तदाब १२४/७८, साखर व्यवस्थित, लघवीत अल्ब्युमिन नाही, मुतखडा नाही, क्रिएटिनिन ०.७. डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून गाळण्याचे प्रमाण मिनिटाला ९४ मिलिलिटर; डावे ४६, उजवे ४८. एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) अर्धे जुळलेले, आई-मुलात ते तसे जुळतेच. क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे मुलाच्या रक्तात आईच्या पेशींवर तुटून पडणारी प्रतिपिंडे नाहीत.

कायद्याची बाजू सोपी होती. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आणि त्याची २०११ ची दुरुस्ती यांत आई ही जवळची नातेवाईक ठरते. नात्याचे पुरावे, दात्याची स्वतंत्र मुलाखत, तिचे चित्रीकरण, एवढे झाले. मुलाखत मुलाला आणि नवऱ्याला बाहेर बसवून घेतात ते बरेच आहे. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये आया आणि बायका यांचीच संख्या मोठी, आणि ‘मी देते’ या दोन शब्दांमागे काय काय असते ते चारचौघांत कळत नाही. या बाई मात्र ठाम होत्या. त्यांची एकच शंका होती.

“डॉक्टर, दोन शिरा म्हंजे माझी किडनी खराब हाय का?”

“खराब नाही, मावशी. चार माणसं रांगेत उभी केली तर एकाला तरी असं सापडतं. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही, पुढेही होणार नाही. काम वाढतं ते आमचं.”

दुसरी रोहिणी येते कुठून

पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक मूत्रपिंडाला एक रोहिणी, रक्त परत नेणारी एक नीला आणि लघवी मूत्राशयात नेणारी एक मूत्रवाहिनी असते. प्रत्यक्षात सुमारे २५ ते ३० टक्के माणसांत निदान एका बाजूला एकापेक्षा जास्त रोहिण्या असतात. कारण गर्भात आहे. मूत्रपिंड सुरुवातीला ओटीपोटात तयार होते आणि सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वर सरकत कमरेच्या पातळीला येते. वर चढताना ते टप्प्याटप्प्याने नव्या रक्तवाहिन्या घेते आणि खालच्या जुन्या वाहिन्या मिटत जातात. एखादी मिटली नाही तर ती जन्मभर राहते. म्हणजे जादा रोहिणी हा बिघाड नाही. प्रवासात मागे राहिलेली ती एक वाट आहे.

पण या वाटेला पर्याय नसतो, आणि सगळे गांभीर्य इथे सुरू होते. हाताच्या किंवा आतड्याच्या रोहिण्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एक बंद पडली तर शेजारची भार उचलते. मूत्रपिंडात तसे नाही. प्रत्येक शाखेचा आपला ठरलेला तुकडा असतो. ती बंद झाली की तेवढा तुकडा मरतो. मावशींना हे सांगताना फार शब्द लागले नाहीत. त्याच म्हणाल्या, “चारी फुटली की तेवढा वाफा वाळणार, शेजारच्या वाफ्यातनं पानी थोडंच येतंय.”

वरच्या टोकाला जाणारी बारीक रोहिणी गेली तर मूत्रपिंडाचा लहानसा कोपरा जातो. कार्यक्षमता किंचित घटते, पुढे क्वचित रक्तदाबाचा उपद्रव होतो. पण बाकीचे मूत्रपिंड काम करते. खालच्या टोकाच्या रोहिणीचे तसे नाही. मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाला रक्त देणाऱ्या फांद्या पुष्कळदा तिच्यातूनच निघतात. आपल्या जागी असलेल्या मूत्रवाहिनीला वाटेत इतर ठिकाणांहूनही रक्त मिळते: जननग्रंथीच्या रोहिणीकडून, श्रोणीतल्या रोहिण्यांकडून, मूत्राशयाकडून. मूत्रपिंड काढताना हे सगळे पुरवठे तुटतात आणि प्रत्यारोपित मूत्रवाहिनी केवळ वरून येणाऱ्या रक्तावर जगते. तेही थांबले तर आठ-दहा दिवसांत ती काळी पडते, लघवी पोटात झिरपू लागते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या माणसात ही गळती म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, आणि कधी मूत्रपिंडच गमावण्याची वेळ.

म्हणून अहवालात ‘रोहिण्या दोन’ एवढेच लिहिणारा रेडिओलॉजिस्ट शल्यचिकित्सकाचे अर्धेच काम करतो. प्रत्येक रोहिणी कुठून निघते, किती जाड आहे, कोणत्या टोकाला जाते, पहिली फांदी महारोहिणीपासून किती अंतरावर फुटते, हे हवे. या अहवालात ते होते, म्हणून पुढचे निर्णय कागदावर घेता आले.

डावे की उजवे

जिवंत दात्यात पहिला नियम असा: दोन मूत्रपिंडांत फरक असेल तर चांगले दात्याकडे राहील. ४६ आणि ४८ म्हणजे इथे फरक नाहीच. कोणतेही घेता आले असते. मग बघायचे कोणते घेणे दोघांसाठी कमी धोक्याचे.

नेहमीची पसंती डाव्याला असते, कारण नीला. डावी नीला महारोहिणीच्या समोरून आडवी जाते आणि ६ ते १० सेंटिमीटर लांब मिळते. उजवी २ ते ४ सेंटिमीटर, पातळ भिंतीची आणि लगेच महानीलेत (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेत) शिरणारी. आखूड नीला जोडताना ताण येतो, टाका फाटतो. दुर्बिणीतून दात्याची शस्त्रक्रिया सुरू झाली त्या काळात उजवी मूत्रपिंडे नीलेत रक्ताची गाठ होऊन वाया गेल्याच्या नोंदी आहेत.

पण डावीकडे दोन रोहिण्या असल्या की साहजिक मोह होतो तो उजवीकडे वळण्याचा, ‘तिकडे एकच आहे ना’ म्हणून. विभागाच्या बैठकीत दोघांचे मत तसेच पडले. सीटीची चित्रे पडद्यावर लावून एक एक मिलिमीटरचे काप पुढे सरकवले तेव्हा उजवीकडची ‘एकच’ कशी आहे ते दिसले. ती महारोहिणीपासून अवघ्या ८ मिलिमीटरवर, महानीलेच्या मागेच, दोन फांद्यांत फुटत होती. दात्याच्या बाजूला रोहिणी बंद करायला खुंट ठेवावाच लागतो. स्टेपलर वापरला तर तोच सेंटिमीटरभर लांबी खातो. म्हणजे उजवे मूत्रपिंड बाहेर आले असते ते दोन तोंडांच्या रोहिणीसकट आणि वर २ सेंटिमीटरच्या नीलेसकट. महानीलेमागे जाऊन आणखी लांबी मिळवता येते, पण तो धोका आईने घ्यायचा, आणि तिला या शस्त्रक्रियेतून स्वतःच्या शरीरासाठी काहीही मिळणार नाही.

डावीकडे दोन रोहिण्या होत्या, पण सुट्या, स्वच्छ, फांदी दूरवर फुटणाऱ्या. मुख्य ६ मिलिमीटरची. नीला एक आणि महारोहिणीच्या समोरून जाणारी. दोन-तीन टक्के लोकांत डावी नीला महारोहिणीच्या मागून जाते आणि ते आधी माहीत नसेल तर रक्तस्राव आवरताना पंचाईत होते, तसे इथे नव्हते. तिला मागून मिळणारी कमरेची एक जाड नीला दिसत होती, तिची खूण करून ठेवली. मूत्रवाहिनी एकच. निर्णय डाव्याचा झाला.

दुसरा निर्णय त्याच बैठकीत झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा. मुलाच्या ओटीपोटाच्या भिंतीतली खालची एपिगॅस्ट्रिक रोहिणी राखायची. प्रत्यारोपणाचा छेद जांघेच्या वर तिरका घेतात आणि त्या वाटेत ही रोहिणी आडवी येते. एरवी ती बांधून कापून टाकण्यात कोणी विचार करत नाही, निवासी डॉक्टर तर समोरची जागा मोकळी व्हावी म्हणून पहिल्या पाच मिनिटांत कापतात. ती साधारण २ ते ३ मिलिमीटरची असते, म्हणजे आईच्या खालच्या रोहिणीच्या मापाची. एकदा कापली की पर्याय संपला. मुलाच्या डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) तिच्यात प्रवाह चांगला होता, भिंतीत चुना साठलेला नव्हता. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या मधुमेही रुग्णात हे गृहीत धरता येत नाही. शस्त्रक्रियागृहाच्या फळ्यावर लाल खडूने लिहिले: एपिगॅस्ट्रिक कापू नये.

आईची शस्त्रक्रिया

दुर्बिणीतून दात्याचे मूत्रपिंड काढण्याचे तंत्र १९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्यांदा वापरले गेले. त्याआधी दात्याला कुशीत लांब छेद आणि पुष्कळदा बरगडीचा तुकडा काढणे सोसावे लागे. आता तीन-चार छिद्रे आणि मूत्रपिंड बाहेर काढायला ओटीपोटावर आडवा छोटा छेद. तंत्र बदलले तरी दात्याच्या रोहिणीवर बसवायच्या क्लिपबाबत एक गोष्ट ठामपणे पाळायला हवी: प्लास्टिकच्या कुलपी क्लिपा या शस्त्रक्रियेत रोहिणीवर लावायच्या नाहीत. त्या निसटून दाते दगावले आहेत आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला. थोडे पैसे वाचवण्यासाठी आजही कुठे कुठे त्या वापरल्या जातात असे ऐकू येते, ते अक्षम्य आहे.

मोठे आतडे बाजूला केल्यावर नीला, तिच्या फांद्या, मागची ती जाड कमरेची नीला, सारे चित्राबरहुकूम मिळाले. मूत्रवाहिनी सोडवताना तिला उघडी केली नाही. मूत्रपिंडाचे खालचे टोक, त्याचे द्वार आणि मूत्रवाहिनी यांच्यामधला चरबीचा त्रिकोण तसाच सोबत घेतला, कारण मूत्रवाहिनीच्या बारीक रक्तवाहिन्या त्या चरबीतून जातात. शिकाऊ हाताला ही चरबी घाण वाटते आणि ती साफ करण्याची फार हौस असते.

मूत्रपिंडावर टेकलेल्या अधिवृक्क ग्रंथीपासून वरचे टोक सोडवताना मात्र अहवालात नसलेली गोष्ट दिसली. दीड मिलिमीटरची आणखी एक रोहिणी, वरच्या टोकात शिरणारी. नंतर चित्रे पुन्हा पाहिली. आहे म्हटले तर दिसते, नाही म्हटले तर दिसत नाही. दोन मिलिमीटरच्या आतल्या रोहिण्या सीटीतून निसटू शकतात हे धरूनच चालावे लागते. तिच्यावर छोटा चिमटा लावून पाहिले. वरच्या टोकाचा बोराएवढा भाग निळसर झाला, बाकी मूत्रपिंड गुलाबी राहिले. एकूण गराच्या दहाव्या हिश्शापेक्षाही तो भाग कमी होता आणि इतकी बारीक रोहिणी जोडून ती वाहती राहण्याची खात्री नाही. तिला क्लिप लावून कापले. हाच दीड मिलिमीटर खालच्या टोकाला असता तर निर्णय वेगळा झाला असता.

मग मूत्रवाहिनी कापली, खालची रोहिणी, मुख्य रोहिणी, शेवटी नीला. पहिली क्लिप लागल्यापासून थंड द्राव आत शिरेपर्यंत ४ मिनिटे गेली. आईचा रक्तस्राव १०० मिलिलिटरच्या आत.

टेबलावर आणि मुलाच्या पोटात

बर्फाच्या पातेल्यात मूत्रपिंड ठेवून ४ अंश सेल्सिअसचा द्राव दोन्ही रोहिण्यांतून वेगवेगळा सोडला. मुख्य रोहिणीतून द्राव दिला की खालचे टोक तांबूसच राहते आणि लहान रोहिणीतून दिला की तेवढाच भाग पांढरा पडतो. कोणत्या रोहिणीचा इलाखा किती, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. इथे खालच्या रोहिणीचा वाटा साधारण पाचवा हिस्सा निघाला. मूत्रवाहिनीभोवतीची चरबीही तिच्याच द्रावाने धुतली गेली. शंका उरली नाही.

दोन रोहिण्यांचे काय करायचे याचे मार्ग अनेक आहेत. दोन्ही शेजारी आणि सारख्या मापाच्या असतील तर कडा शिवून एकच तोंड करतात. लहान असेल तर टेबलावरच मोठीच्या कुशीत शिवतात. किंवा दोन्ही स्वतंत्रपणे रुग्णाच्या रोहिण्यांना जोडतात. मृत दात्याच्या मूत्रपिंडात आणखी एक सोय असते: महारोहिणीचा तुकडाच सोबत कापून घ्यायचा, त्यावर दोन काय तीन तोंडे असली तरी एका पट्टीसकट जोडता येतात. या पट्टीला ज्याचे नाव दिले आहे त्या अलेक्सिस कॅरेलने रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळाले. जिवंत माणसाची महारोहिणी अर्थातच कापता येत नाही.

दोन्ही तोंडांत अंतर असल्यामुळे पहिला मार्ग बंद. दुसरा शक्य होता आणि तो मोहक आहे, कारण टेबलावर निवांत, थंडाव्यात, भिंगातून शिवता येते आणि पोटात गेल्यावर एकच जोड उरतो. पण लहान रोहिणी वर ओढून मोठीला भिडवली की तिला पीळ पडत होता. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोठीच्या भिंतीत केलेला जोड बिघडला तर सगळे मूत्रपिंड धोक्यात येते. स्वतंत्र जोड बिघडला तर मुख्य प्रवाह शाबूत राहतो. मला स्वतंत्र जोड आवडतो, त्याची किंमत माहीत असूनही. किंमत अशी की खालचे टोक आणखी वीस-पंचवीस मिनिटे रक्ताविना राहते.

डावे मूत्रपिंड मुलाच्या उजव्या जांघेवरच्या पोकळीत ठेवले, म्हणजे मूत्रवाहिनी आणि तिची पिशवी समोर राहते, पुढे कधी हात घालावा लागला तर सापडते. नीला बाहेरच्या इलियाक नीलेला, मुख्य रोहिणी बाहेरच्या इलियाक रोहिणीला (पायाच्या रक्ताच्या या मोठ्या वाहिन्या). चिमटे सोडले. मूत्रपिंड ताठ आणि गुलाबी झाले. वरच्या टोकाचा बोराएवढा डाग जांभळाच राहिला, आणि खालचा पाचवा हिस्सा राखाडी. त्याच्यावर बर्फाचा चुरा ठेवून राखलेली एपिगॅस्ट्रिक रोहिणी सोडवून खाली वळवली. ती जणू मापून घेतल्यासारखी खालच्या टोकाशी येते, तिला ओढावे लागत नाही. टोके तिरकी कापून, ८-० च्या अतिशय बारीक दोऱ्याने, सुटे टाके. अखंड टाका घातला तर इतक्या लहान तोंडाला दोरी आवळल्यासारखे होते. २३ मिनिटे लागली. चिमटा सोडल्यावर राखाडी भाग कडेकडेने गुलाबी होत गेला, आणि मूत्रवाहिनीच्या कापलेल्या कडेतून लाल रक्ताचे थेंब आले. त्या कडेला रक्त आलेले पाहिल्याशिवाय मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडू नये.

तिची लांबी गरजेपुरती ठेवली. जितकी लांब तितके तिचे टोक रक्तापासून दूर. मूत्राशय १४ महिने जवळपास रिकामा राहून आकसलेला होता. कॅथेटरमधून पाणी भरून तो फुगवला, स्नायूत बोगदा करून बाहेरून जोड दिला, आत डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवला. लघवी टेबलावरच सुरू झाली.

नंतरचे दिवस

क्रिएटिनिन ८.४ वरून पाचव्या दिवशी १.३ वर आले. बॅसिलिक्सिमॅब, टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी नेहमीची औषधयोजना. पहिल्या दिवशीच्या डॉपलरमध्ये खालच्या टोकापर्यंत प्रवाह होता; वरच्या टोकाला दीड सेंटिमीटरची प्रवाहहीन पाचर, अपेक्षेप्रमाणे. आई चौथ्या दिवशी घरी गेली.

सहाव्या दिवशी ड्रेन (शस्त्रक्रियेच्या जागेतला द्राव बाहेर काढणारी नळी) दिवसाला ६० मिलिलिटरवरून २८० वर गेला. पातळ, पिवळसर. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने फोनवर एकच वाक्य उच्चारले, “सर, मूत्रवाहिनी गेली वाटतं.” त्याचे चुकले नाही; ज्याची भीती महिनाभर घोकली तेच आधी डोळ्यांसमोर येते. पण इथे अंदाज करण्याचे कारण नसते. ड्रेनच्या द्रावातले क्रिएटिनिन मोजायचे. लघवी असेल तर ते रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट येते, लसिका (लिम्फ, लसिकावाहिन्यांतला पातळ द्राव) असेल तर जवळपास तेवढेच. आले १.५, रक्तातले १.४. लसिका. इलियाक वाहिन्या सोडवताना त्यांच्याभोवतालच्या लसिकावाहिन्या कापल्या जातात आणि आठवडाभर झिरपतात. ड्रेन काढण्याची घाई केली नाही. बाराव्या दिवशी तो ५० च्या खाली आल्यावर काढला. घाईने काढला असता तर आत साचलेल्या लसिकेने मूत्रवाहिनी दाबली असती, आणि खरोखरच क्रिएटिनिन वाढल्यावर ‘रोहिणी बंद पडली’ म्हणून धावपळ झाली असती.

डीजे स्टेंट चार आठवड्यांनी काढला. त्यानंतरचे दोन आठवडे मी मूत्रवाहिनीबाबत निश्चिंत नसतो. सोनोग्राफी दोनदा केली, मूत्रपिंडात फुगवटा नव्हता.

चौथ्या महिन्यात रक्तदाब १५०/९६. दोन रोहिण्यांच्या मूत्रपिंडात रक्तदाब वाढला की पहिला संशय जोडावर, तिथे आकसून चिंचोळे झाले असेल म्हणून. दुसरा संशय वरच्या टोकाच्या मेलेल्या पाचरीवर. तिच्या कडेच्या अर्धपोटी पेशी रक्तदाब चढवणारे रेनिन सोडत राहू शकतात. डॉपलरमध्ये मुख्य रोहिणीतला वेग सेकंदाला १४० सेंटिमीटर निघाला, चिंचोळेपणाच्या शंकेपेक्षा बराच खाली. मग विचारपूस केली तेव्हा कळले की आठवडाभर जुलाब झाले होते आणि त्याने कोणाला सांगितले नव्हते. जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, आणि तिच्यासोबत रक्तदाबही, हे रुग्णांना सांगूनही लक्षात राहत नाही, कारण पोट बिघडल्यावर औषध कमी शोषले जाईल असेच कोणालाही वाटणार. पातळी ११.८ होती, हवी होती ६ ते ८. मात्रा कमी केली, ॲम्लोडिपिन सुरू केले, महिन्याभरात १३०/८२.

वर्षाअखेर मुलाचे क्रिएटिनिन १.४, लघवीत प्रथिने नाहीत, कामावर रुजू. दिवसपाळीच घ्यायची, औषधाच्या दोन वेळा चुकवायच्या नाहीत.

या प्रकरणाचे वजन किती

एका चांगल्या निकालावरून नियम काढू नयेत. मोठ्या संख्येच्या तुलनांमध्ये अनेक रोहिण्यांच्या मूत्रपिंडांत रक्तवाहिन्यांची आणि मूत्रवाहिनीची गुंतागुंत थोडी जास्त दिसते, मूत्रपिंड उशिराने काम सुरू करण्याचे प्रमाणही थोडे जास्त. पाच वर्षांनी मूत्रपिंड टिकण्यात मात्र ठळक फरक राहत नाही. एकेकाळी दोन रोहिण्या म्हणजे दाता नाकारण्याचे कारण होते. आज चार रोहिण्या असत्या किंवा मुलाच्या इलियाक रोहिणीत चुना भरलेला असता तर मीही दुसरा दाता आहे का विचारले असते. पण नुसत्या संख्येवरून आईला परत पाठवणे म्हणजे मुलाला आणखी काही वर्षे डायलिसिसवर ठेवणे. प्रत्यारोपणापूर्वी डायलिसिसवर जितका काळ जातो तितका प्रत्यारोपणाचा निकालही खालावतो.

मृत दात्याच्या बाबतीत हे सगळे गणित वेगळ्या घाईत सोडवावे लागते. मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अवयववाटपाच्या विभागीय समितीकडून रात्री फोन येतो, मूत्रपिंड दुसऱ्याच रुग्णालयातल्या चमूने काढलेले असते, आणि रोहिण्यांचा असा नकाशा पुष्कळदा हाती नसतो. महारोहिणीच्या पट्टीची सोय असते खरी, पण खालच्या टोकाची रोहिणी चरबीत न दिसता कापली गेली असेल तर ती टेबलावर, खालचा भाग धुतला जात नाही तेव्हाच कळते. तेव्हाही एपिगॅस्ट्रिक कामाला येते, जर समोर रुग्णाच्या पोटावर छेद घेणाऱ्याने ती ठेवली असेल तर. त्यामुळे आमच्याकडे आता दाता कोणीही असो, मूत्रपिंड टेबलावर तपासून होईपर्यंत ती कापायची नाही असा रिवाज आहे. पाच मिनिटे जास्त लागतात. कुरकुर होते.

आईचे क्रिएटिनिन वर्षाने १.० आहे. एक मूत्रपिंड गेल्यावर उरलेले आपले काम वाढवते आणि एकूण गाळण्याची क्षमता पूर्वीच्या सुमारे दोन-तृतीयांशावर स्थिरावते. हा आकडा म्हणजे आजार नव्हे, हे गावच्या डॉक्टरांसाठी तिच्या कागदावर लिहून दिले आहे, नाहीतर कोणीतरी ‘किडनीला सूज’ म्हणून औषधे सुरू करतो. दरवर्षी रक्तदाब, लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन एवढ्या तीन तपासण्या, आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. तिच्याकडे राहिलेल्या उजव्या मूत्रपिंडाची रोहिणी ८ मिलिमीटरवर फुटते, त्याची तिला काहीच अडचण नाही. ती अडचण ते मूत्रपिंड काढू पाहणाऱ्याची होती.